डावी फळी माझी, उजवी त्याची

माझ्या व्हॅनमधी मागं बसाय जागा न्हाय. गाडी घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मागची शीटं उचकटून काढली. बायको दारात उभी राहून बघत हुती. म्हटली, "उद्या लग्नाकार्याला जायचं झालं तर मी कुठं बसू, रंध्यावर?" मी म्हटलं, "पुढं बस की माझ्या शेजारी, राणीवानी." पण पुढची शीट कायमची माझ्या जोडीदाराची हे तिलाबी ठाऊक हुतं, मलाबी.

आमी दोघं सुतार. मी कंग्राळीचा, आज्यापणज्यापास्नं सुतारकी. तो वडगावचा, घरात साड्यांचे माग. त्यांचे माग बंद पडले तवा माझ्या वडलांनी त्याला हाताखाली घेतलं. वडील गेले, तरी तो मला सोडून गेला न्हाय. बावीस वर्षं आमी एकाच चौकटीची दोन टोकं धरून उभी केली. मला आण्णा म्हणायचा. तरी खरं सांगतो, माझ्या मनात कुठंतरी एक हुतंच, की हा काय जातीचा सुतार नव्हं, मागावरचं पोर.

व्हॅनमधी मी दोन्ही बाजूंना प्लायच्या फळ्या ठोकल्या. डावी फळी माझी, उजवी त्याची. एकेक हत्यार फळीवर ठेवायचं, पेन्सिलीनं त्याच्या कडंकडंनं रेघ मारायची, नि तिथंच खिळं मारून अडकवायचं. करवतीच्या जागी करवतीचं चित्र, पटाशीच्या जागी पटाशीचं. हत्यार काढलं की फळीवर त्याचा आकार उघडा पडतो, म्हंजे काय राहिलं ते लगेच दिसतं. निपाणीच्या बाजूला काम धरलं की गिऱ्हाईक महाराष्ट्रात असू दे न्हायतर कर्नाटकात, नाका लागतोच. एकदा नाक्यावर पोलिसानं मागचं दार उघडाय लावलं. पटाश्यांची रांग बघून त्याचे डोळेच मोठे झाले. "इदेन्री?" म्हंजे हे काय हो? मी छाती फुगवून कानडीत सांगितलं, साहेब, ह्यातलं एक जरी हललं तर मला अंधारात कळतंय. जोडीदार पुढच्या शीटवर बसून हसत हुता.

वडलांचा एक नेम हुता. दुसऱ्याच्या हत्याराला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय, आणि धार तर ज्यानं त्यानं आपली आपणच लावायची. दुसऱ्याच्या हातची धार हाताला परकी लागते म्हणायचे. त्यांच्या पटाश्या माझ्याकडं आल्या. पण त्यांच्यासारखी धार मला कधी जमली न्हाय, एवढा धीर कुणाला? दगडावर चारदा घासली की झालं माझं.

श्रावणात लष्कराच्या कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या दारांचं काम चाललं हुतं. सकाळी मी बिजागरीची खाच काढाय पाऊण इंची पटाशी घेतली. पहिल्याच दणक्याला सागवान असं काही कापलं गेलं, की माझा हातच थांबला. ही माझी धार न्हाय! माझी धार जराशी डावीकडं झुकती, ही सरळ हुती. पटाशी अंगठ्यावर धरून बघितली. दुसरी काढली, तिसरी काढली. तीच गत. मनात पाल चुकचुकली. माझ्या हत्यारांवर कुणाचातरी हात फिरत हुता.

आता कुणाचा, हे शोधाय काय जासूस लागत न्हाय. गाडी माझ्या दारात उभी असायची, नि दुसरी किल्ली त्याच्याकडं. मी डोकं लावलं. आयतवारी काम म्हटलं की हल्ली हा टाळतो. सकाळी साताला येणारा गडी आता साडेसहाला हजर, मी आंघोळ-देवपूजेत असताना. वर खानापूरचं एक गिऱ्हाईक मला सांगून गेलं, "तुमच्या जोडीदारानं एकाचा देव्हारा केलाय, झकास!" मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. झालं! माझी हत्यारं न्हेऊन हा खासगी कामं करतोय, नि मला कळू नये म्हणून धार लावून जागच्या जागी ठेवतोय. सगळं बसलं एकात एक, चौकटीचा कुसू खाचंत बसावा तसं.

मग मी सुरू केली पहारेदारी. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटती. पटाश्यांच्या मुठीवर चिमूटभर भुसा टाकून ठेवायचा. एकीचं तोंड भिंतीकडं, एकीचं दाराकडं करून ठेवायचं नि मनात पाठ करायचं. रंध्याला बायकोच्या शिवणातला दोरा गुंडाळायचा. सकाळी बघतो तर भुसा गेलेला, तोंडं फिरलेली. फक्त रंध्याचा दोरा तसाच. म्हटलं, बघा कसा हुशार चोर, दोरा बघितल्यावर हात लावला न्हाय.

पण तोंडानं इचारलं न्हाय. त्याला कारण हुतं. उन्हाळ्यात निपाणीच्या एका घरात तो मला हळूच म्हटलाता, "आण्णा, एकदा डोळं दाखवून घे बघू." गिऱ्हाइकासमोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया? तुझं तू बघ!" दोन दिवस मी त्याच्याशी बोललो न्हाय. तवापास्नं तो जपून बोलायचा. नि आता हा जपून बोलणारा माणूस मला लबाड दिसाय लागला. चहा दिला तरी संशय, गप बसला तरी संशय.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमी दोघांची हत्यारं माझ्या अंगणात एका पाटावर मांडतो, गाडीला झेंडूची माळ घालतो, कोहळा फोडतो. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापातुर हत्यार उचलायचं न्हाय. बायको आत पुरणाच्या गडबडीत. अंगणात आमी दोघंच. त्यानं अगरबत्ती लावली, नि माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"हत्याराला हात लावून शपथ घे."

"कसली रं आण्णा?"

"माझ्या हत्यारांना माझ्या माघारी हात लावला न्हाईस म्हणून."

सुतार हत्याराची खोटी शपथ घेत न्हाय. घेतली तर तेच हत्यार एक दिवस आपल्या हातावर उठतं, असं आमच्यात मानतात. ह्या मागावरच्या पोरालाबी वडलांनी तेच शिकवलं हुतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, पाटाकडं बघितलं. हात पुढं केला न्हाय.

"घे की! का घाबरतोस?"

"मला न्हाय घेता येणार, आण्णा."

"मग चालता हो. आजपास्नं माझ्या गाडीत तुला जागा न्हाय."

वाटलं हुतं भांडंल, आवाज चढवंल, न्हायतर पाय तरी धरंल. काय न्हाय. अगरबत्ती पाटाजवळ रोवली नि गेला, मोकळ्या हातानं, कारण पुजलेली हत्यारं त्याला उचलता येत नव्हती. मला त्या घटकेला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! चोर पकडला म्हणून दुपारी मी पुरणाची एक पोळी जास्त खाल्ली. बायकोला एवढंच सांगितलं, त्याला दुसरीकडं काम लागलंय.

दसऱ्याला सकाळी तो पिशवी घेऊन आला. उजव्या फळीवरचं आपलं एकेक हत्यार पाटावरनं उचललं, पुसलं, पिशवीत घातलं. मग माझ्या हातात आपट्याची पानं दिली नि दरवर्षीसारखा पाया पडाय वाकला. मी पाय मागं घेतलं. हे मी केलं. आजबी आंघोळीला बसलो नि पायाकडं नजर गेली की ते आठवतं.

दिवाळीपातुर मी एकटा. एकट्यानं दार उचलून बिजागरीवर बसवून बघा, कंबर काय म्हणती ते. पण कंबरेचं सोडा, मला पटाश्यांनी दगा दिला. पंधरा दिवसांत वापरातल्या सगळ्या बोथट. मी घासायचो, घासायचो, नि परत तेच. आधी दगड खराब म्हटलं. मग म्हटलं पोलादच खराब, वडलांच्या वेळचं! मग वाटलं, जाताजाता त्यानंच काहीतरी करून ठेवलंय. बघा, माणूस कुठपातुर जातो. कॅम्पातल्या त्याच बंगल्यात शेवटच्या दाराला पटाशी घसरली नि उभा सागवानी खांब चिरला. मालकीणबाईंनी चिरलेल्या खांबावरनं बोट फिरवलं. तेच मला जास्त लागलं.

घरी येऊन मी पटाशी अंगणात फेकली. "ह्यांच्या आयला, एकीला धार राहीना!"

बायको भांडी घासत हुती. मान वर न करता म्हटली, "मग आता कोण लावतंय धार?"

"म्हंजे? मीच की."

"अवो, आता म्हणते मी. आधी तो लावायचा न्हवं रोज. तुमी आंघोळीला गेला की न्हाणीच्या मागं दगड घेऊन बसायचा. मी चहा द्यायचे त्याला. मला वाटलं तुमीच सांगितलंय."

मी फेकलेली पटाशी उचलली. तिला सगळं सांगितलं, शपथंपास्नं पायापातुर. ती भांडी तशीच टाकून उठली नि आत गेली. मी म्हणतो, बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्याला जाड चष्मा. डॉक्टर म्हटले, एवढे दिवस काम कसं केलंत? काय सांगणार कपाळ? चष्मा लागल्यावर पहिली पटाशी उजेडात धरली. माझ्या हातची धार करवतीच्या दातांगत हुती, खालीवर. शेजारी एक बारीक पटाशी हुती, दसऱ्यापास्नं न वापरलेली. तिच्यावर त्याची धार जशीच्या तशी. पात्याची पाठ दगडावर सपाट घासलेली, टोकाला केसाएवढी दुसरी कड. अशी धार मी लहानपणी रोज बघितलेली. माझ्या वडलांची. ती ह्याला शिकवून गेले, नि मला ती परकी लागली.

पटाश्या फडक्यात गुंडाळून वडगावला गेलो. त्याच्या गल्लीत अजून दोनचार माग चालतात, खडखडाटात हाक मारली तरी ऐकू जात न्हाय. त्यानं मला बघितलं, चष्मा बघितला, नि सतरंजी टाकली. मी म्हटलं, "गड्या, चुकलं माझं. सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू हत्यारं खाली ठेवली असतीस, आण्णा. मला ठाऊक हाय तुझा सोभाव."

खरं हुतं ते. ठेवलीच असती. नि देव्हाऱ्याचं? तो त्याच्या मेव्हणीचा हुता, त्यानं आपल्याच हत्यारांनी केलाता. मी न इचारताच त्यानं सांगितलं.

"उद्यापास्नं चल की परत."

त्यानं फडक्यातल्या पटाश्या एकेक उचलून बघितल्या. मग म्हटला, त्यानं एका मशीनच्या कारखान्यात काम धरलंय, मॉड्युलर किचनचं. तिथं पटाशी लागत न्हाय. "तुझ्यावर राग न्हाय, आण्णा. पण पुजलेल्या पाटासमोर तू मला चोर म्हटलास. आता परत त्या गाडीत बसलो तर रोज तुझ्या फळीकडं बघाय मला भ्या वाटंल."

आतनं त्यानं दगड आणला, तेलाची बाटली आणली. मला वाटलं धार लावून देणार. त्यानं दगड माझ्यापुढं सरकवला. "आता दिसतंय न्हवं? मग बस. वडील कसं लावायचे ते दावतो." संध्याकाळपातुर त्यानं मला शिकवलं. माझी चुकली की माझं मनगट धरून सरळ करायचा. निघताना मला म्हटला, हत्यारं कोरडी ठेव, पावसाळ्यात गंजतात.

गेल्या महिन्यात निपाणीला जाताना नाक्यावर परत गाडी अडवली. पोलिसानं मागचं दार उघडलं. डावी फळी भरलेली. उजवीवर नुसती पेन्सिलीची चित्रं, करवतीचं, हातोडीचं, गुण्याचं, नि रिकामं खिळं. त्याचा चेहरा बदलला. माझ्याकडं बघितलं, परत फळीकडं. मी ती नजर ओळखली, तीन महिने माझ्याच डोळ्यांत हुती.

"इल्लि एन इत्तु?" इथं काय हुतं?

मी सांगितलं, जोडीदाराची हत्यारं.

"कळ्ळतन आयितेन?" चोरी झाली काय?

"इल्ल," मी म्हटलं. "नाने कळकोंडे." न्हाय साहेब, मीच घालवलं.

त्यानं पुढच्या शीटवर वाकून बघितलं. तिथं कुणी न्हाय म्हटल्यावर दार लावलं नि गाडी सोडली.