उजवा टोंगळा देवाचा

सूनबाई उठल्या. तोंडात देवाची भाकर न घेताच उठल्या. त्यांच्या शेजारी मी गुडघे टेकले होते म्हणून.

वेदीपुढं लाकडी कठडा होता. कठड्याशी रांगेनं गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायची. मग फादर जिभेवर ती पांढरी, पातळ भाकर ठेवायचे. माझी पहिलीच वेळ होती. बारा-तेरा वर्षांची असेन. मायनं तिचं पांढरं लुगडं फाडून अर्धं मला नेसवलं होतं. कठड्याशी एक जागा रिकामी दिसली, तिथं मी टेकले. शेजारी कोण आहे हे मी पाहिलंच नाही. डोळे मिटायला सांगितलं होतं, मी मिटले होते.

लुगड्याची सळसळ ऐकू आली. डोळे उघडले तर मोठ्या घरच्या बापूजींची सून अंगावर पाल पडल्यासारखी मागं सरत होती. देवळाचे मास्तर धावत आले आणि माझा दंड धरला.

"ऊठ. तुमची पाळी नंतर. कठडा पुसल्यावर."

फादर समोरच होते. हातात भाकर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं. मग पुढच्या बाईच्या जिभेवर भाकर ठेवली.

मास्तरांनी मला बाहेर आणलं. कडुनिंबाखाली मुरूम पसरला होता, त्याच्यावर गुडघे टेकायला लावले. दोन्ही हात आडवे, क्रुसासारखे. आतली मिस्सा, ती उपासना, संपेपर्यंत. खडे रुतत होते. आत सगळे गुडघे टेकून होते, बाहेर मीही गुडघे टेकूनच होते. आत त्याला भक्ती म्हणत होते, बाहेर शिक्षा. माझ्या गुडघ्यांना काही फरक कळत नव्हता.

त्या देवळाची जमीन माझ्या बापानं चोपली होती. मुरूम त्यानंच वाहिला, पाणी मायनं आणलं, आणि दोघांनी मिळून ती जमीन तळहातासारखी केली. तेव्हा बापूजींच्या घरचं कोणी तिकडं फिरकलंही नव्हतं.

आम्ही महार. आमचं गाव मंगरूळपीरच्या वाटेवर. मोठ्या घराचा माणूस समोरून आला की चपला हातात घ्यायच्या, कंबरेत वाकायचं, हात मातीला लावून जोहार घालायचा. माझा बा उंच होता. उंच माणसाला वाकायला जास्त लागतं. फादर पहिल्यांदा महारवाड्यात आले, बैलांच्या दमणीतून उतरून आमच्या अंगणात बसले, तेव्हा बानं त्यांना एकच विचारलं.

"तुमच्यात कोनाकोनापुढं वाकाव लागते?"

उत्तर मास्तरांनी दिलं. ते नागपूरकडचे, पुस्तकातलं मराठी बोलायचे. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकी सगळा कारभार त्यांच्याच हातात. ते म्हणाले, "वेदीपुढून जाता-येता उजवा गुडघा टेकायचा. बिशप आले तर त्यांच्यापुढं डावा. आणि दोन्ही गुडघे फक्त देवाचे, प्रार्थनेचे."

आमच्याकडं गुडघ्याला टोंगळा म्हणतात. बानं बोटावर मोजल्यासारखं मनाशी घोकलं. मग विचारलं, "अन् पाटलाले कोनता टोंगळा?"

"कोणताच नाही," मास्तर म्हणाले.

त्या एका उत्तरावर बानं बाप्तिस्मा घेतला. लोकांनी म्हटलं, पोटासाठी बाटला. पोटात काय पडलं ते आम्हालाच ठाऊक. माझा बाप त्या दिवसापासून रस्त्यानं ताठ चालायला लागला, एवढंच आमच्या पदरात पडलं, आणि तेही काही थोडं नव्हतं.

एकदा बिशप येणार होते. बा आठवडाभर अंगणात डावा गुडघा टेकून बघायचा. आम्ही पोरं हसायचो. माय म्हणायची, "लगन लागून राह्यलं काय तुमचं?" आणि नेमकं त्या दिवशी, बिशप समोर उभे राहिले तेव्हा, बाचा उजवा गुडघा टेकला. सवयच उजव्याची. बिशप हसले, अंगठी पुढं केली, बानं तिचं चुंबन घेतलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण घरी येऊन बा भिंतीला पाठ लावून बसला तो बसलाच. जेवेना. मायनं हलवलं तर रडायला लागला.

"देवाचा टोंगळा मानसाले गेला वं," तो म्हणाला.

आता याला कोणी भाबडेपणा म्हणेल. म्हणा. ज्याला जन्मभर प्रत्येकापुढं वाकावं लागलं, त्याला आपलं वाकणं कोणाला द्यायचं हे पहिल्यांदा स्वतः ठरवता आलं होतं. त्यात चूक झाली म्हणून तो रडला.

बापूजी नंतर आले. गावचे मोठे बागायतदार. केळी, वांगी, मिरची, सगळा बाजार त्यांच्या मळ्यातून भरायचा. त्यांचा मुलगा मरायला टेकला होता, मिशनच्या सिस्टरांच्या औषधानं वाचला, आणि सगळं घर देवळात आलं. आम्हाला वाटलं, आता गाव बदललं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पहिल्याच रविवारी त्यांच्या गड्यांनी पुढं सतरंजी अंथरली. दुसऱ्या रविवारी सतरंजीच्या मागं बांबूचा ताटवा उभा राहिला. ताटव्याच्या मागं आम्ही. आमच्यासाठी बानं चोपलेली उघडी जमीन.

कबरस्तानाला जागाही बापूजींनीच दिली. मळ्याच्या कोपऱ्यात, भोवती काट्यांचं कुंपण, एक लाकडी फाटक. फाटकाला कुलूप. चावी मास्तरांकडं.

मला मुरमावर टेकवलं त्या दिवशी बा ताटव्यामागं होता. त्यानं सगळं पाहिलं. घरी आल्यावर माझ्या गुडघ्यातले खडे काढत बसला. पुढं तो देवळात जाईना. घरातच भिंतीकडं तोंड करून टेकायचा.

वैशाखात त्याला हगवण लागली. मूठभर माणूस उरला आणि एका सकाळी तोही गेला.

महारवाड्यातले म्हातारे दारात आले, लांबच उभे राहिले. "तुमी बाटले. आमच्या मसनात जागा नाई. तुमच्या देवाकडं न्या." त्यांचा राग मला आजही कळतो. पण त्या दिवशी कळून काय करायचं होतं? मी मास्तरांकडं धावले. फादर कारंज्याकडं गेले होते, यायला आठवडा होता. मास्तर चावी हातात घेऊन बसले होते, आणि माझ्याकडं बघत नव्हते.

"बापूजींचं एकच म्हणणं आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझ्यामुळं त्यांच्या सुनेला प्रसादाविना उठावं लागलं. तू त्यांच्या अंगणात ये, गुडघे टेक, माफी माग. मी लगेच फाटक उघडतो."

"अन् नाई टेकले तं?"

"वाट त्यांच्या मळ्यातून जाते, पोरी."

मी घरी आले. ऊन चढत होतं. माय कडुनिंबाच्या डहाळीनं माशा हाकत होती. बाचं पोट फुगायला लागलं होतं. ओळखीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर अनोळखी होत चाललं होतं. मी सांगितलं तसं मायनं माझा हात धरला. "टेक माय. दोन घडीचं काम हाये. तुह्या बापाले मातीत जाऊ दे." तिचा हात तापला होता. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं. आम्ही दोघी निघालो. मढ्यापाशी शेजारच्या पोराला बसवलं.

बापूजींच्या अंगणात वांग्यांच्या पाट्या भरत होत्या. गडी थांबले. बापूजी बाजेवर बसले होते, मास्तर बाजूला उभे. ओसरीच्या दारात सूनबाई. बापूजी ओरडले नाहीत. त्यांचा आवाज मऊ होता.

"लय वाईट झालं बाप्पा. चांगला मानूस होता तुहा बाप. पन घराची इज्जत असते. मी काई जमीन मांगून राह्यलो काय? टोंगळेच तं टेकाचे हायेत."

मी टेकायलाच गेले होते, हे लपवून काय मिळणार. पण गुडघा वाकवायला गेले आणि भिंतीला पाठ लावून रडणारा बा डोळ्यांपुढं आला. मी थांबले.

"मास्तर, कोनता टोंगळा टेकू?"

"काय?"

"तुमीच शिकवलं. देवाले उजवा. बिशपाले डावा. बापूजीले कोनता?"

मास्तरांचं तोंड उतरलं. त्यांना आठवलं होतं. बापूजींना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते हसले.

"दोनी टेक," ते म्हणाले.

मी मास्तरांकडं बघत राहिले. त्या माणसानं एक वाक्य बोलायचं होतं. कोणताच नाही, एवढंच. माझ्या बापाला सांगितलं होतं तेच. ते चावीशी चाळा करत राहिले.

"दोनी देवाचे हायेत," मी म्हटलं. "माह्या बापाकडून एकदा एक टोंगळा चुकून मानसापुढं टेकला, तं तो जेवला नाई. त्याच्या मातीसाठी मी दोनी तुमाले देऊ?"

मायनं माझ्या थोबाडीत मारली. आजवर तिनं मला कधी मारलं नव्हतं. मग ती स्वतःच खाली बसली, दोन्ही गुडघे टेकले, कपाळ अंगणाला लावलं. "मी टेकली बापूजी. मी टेकली ना."

"तू नाई," बापूजी म्हणाले. "पोट्टीनं."

माझी माय तशीच पडून होती. वांग्यांच्या पाट्यांमध्ये. मी तिला काखेत हात घालून उठवलं. ती उठेना. मी ओढलं. फरफटत आणलं म्हणा हवं तर.

बाला आम्ही दोघींनीच नाल्याच्या काठी पुरलं; ताटव्यामागचे बाकीचे लोक बापूजींच्या धाकानं घराबाहेर पडले नाहीत. काकानं, बाच्या सख्ख्या भावानं, लांबूनच सब्बल, लोखंडी पहार, टाकली आणि मान फिरवून गेला. जमीन तापलेली, मुरमाड. सब्बल टण्णकन उडायची. दोघींच्या हातानं जेवढं खोल झालं तेवढं झालं. पुरेसं झालं नाही, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. वर दगड रचले, बाभळीच्या काट्या ओढून आणल्या. तरी कुत्री यायची. माय हातात काठी घेऊन तिथंच बसून राहायची. माझ्याशी बोलायची नाही.

फादर आले तेव्हा आमच्या दारात आले. सगळं ऐकून आले होते. मोडक्या मराठीत म्हणाले, "मी कबरीला आशीर्वाद देईन. पण गर्व मोठा पाप आहे. गुडघे टेक. कबुली दे."

मी उभीच राहिले. "त्या दिवशी मले कठड्यावरून उठवलं, तवा तुमी पाह्यलं होतं ना?"

फादर नाल्यावर गेले, पाणी शिंपडलं, दमणीत बसले. वाईट माणूस नव्हता, म्हणणारे म्हणतात. असेल. चांगल्या माणसानं न बोलता पाहिलेलं फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा होती. मी गेले. मायही आली, ताटव्यामागं टेकली. मी ताटव्याला वळसा घालून पुढं गेले आणि ताटव्याला लागून, सतरंजी संपते तिथं उभी राहिले. फादरांनी भाकर वर उचलली, मास्तरांनी घंटी वाजवली. सगळं देऊळ खाली गेलं. बापूजी, सूनबाई, गडी, आमचे लोक. नुसत्या पाठी. मी तेवढी उभी. भीती वाटत होती. देव खरा असेल तर तो आता माझ्याकडंच बघत असेल, असं वाटत होतं, आणि मला तेच हवं होतं.

"खाली बस," मास्तर दातांत म्हणाले.

ताटव्यातून मायचा हात आला, माझ्या लुगड्याला धरून खाली ओढायला लागला. मी लुगडं सोडवून घेतलं नाही. खालीही बसले नाही. बापूजींच्या पाठीकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माय, तू मेली तं मी चावी मांगाले जानार नाई. सब्बल घेऊन फाटकावर जाईन. कुलूप तोडीन, अन् तुले तिथं, त्याच मळ्यात पुरीन. कोनाले अडवाचं असंन, त्यानं आताच उभं राहावं."

कोणी उभं राहिलं नाही.