धानाच्या बांधीतल्या सीड्या

धानाच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर काठ्या रोवल्या होत्या, काठ्यांना सुतळी बांधली होती, आणि त्या सुतळीला माझ्या मेलेल्या पोरीच्या सीड्या लटकत होत्या. वाऱ्याने गरगर फिरत होत्या. एकीवर तिच्या हातचं अक्षर थोडं दिसत होतं. बाकीच्यांवरचं उन्हाने उडून गेलं होतं. बांधीतलं धान लोंबीला आलं होतं आणि पोपट त्या सीड्यांच्या खालीच बसून खात होते.

माझा नवरा धुऱ्यावर बिडी ओढत बसला होता.

"अजी, हे कायले लटकवलं?"

"पोपट हाकलाले. सारं गाव लटकवते."

"यात पोरीचे फोटो होते."

त्याने एक सीडी उलटीपालटी करून पाहिली. "फोटो कागदाचे रायते वो. हे त पिक्चरची सीडी."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या बांधीतल्या बाया हातचं काम सोडून उभ्या राहिल्या, एवढं सांगते.

पोरगी लग्नाआधी गोंदियात एका फोटोच्या दुकानात कामाला होती. फुलचूरला मावशीकडे राहायची, सायकलीने दुकानात जायची. तिथेच कॉम्प्युटर शिकली. पुढे एक जुना कॅमेरा घेतला, रीळ न लागणारा. घरी आली की सगळ्यांचे फोटो काढायची, म्हशीचेसुद्धा. ते फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये टाकायची. पण कॉम्प्युटर भरला की मालक सगळं पुसून टाकायचा, म्हणून ती आपले फोटो सीडीत उतरवून घ्यायची. एकेका सीडीच्या दोन दोन करायची.

मी म्हटलं होतं, "एकच पुरे ना. कायले दोन?"

"माय, बियाण्याचं धान तू एकाच ढोलीत ठेवते का? एका ढोलीले उंदीर लागला त दुसरी रायते."

मला ते पटलं. बियाणं आम्ही नेहमी दोन घरी ठेवतो. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिने प्रत्येकीतली एक सासरी कामठ्याला नेली, दुसरी माझ्याकडे ठेवली. "उन्हात ठेवजो नोको, ओरखडे पाडजो नोको," असं सांगून गेली. मी माझ्याकडच्या सीड्या तिच्याच ओढणीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवली. लग्न सामूहिक मेळाव्यात झालं होतं. एका मांडवात कितीतरी जोडपी, अल्बम कुणाचाच नाही. तिची नणंद तिच्याच कॅमेऱ्याने दोन-चार फोटो काढत होती, तेवढेच. तेही तिने माहेरी आली तेव्हा शेवटच्या सीडीतच उतरवले होते.

पोरगी तापाने गेली. तिची लेक तेव्हा रांगत होती. सासरच्यांनी लेक आमच्याकडे पाठवून दिली. नातू असता तर पाठवला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं.

नात बोलायला लागली आणि घरातल्या कॅलेंडरकडे बोट दाखवायला लागली. धानाच्या व्यापाऱ्याने दिलेलं कॅलेंडर, त्यावर दिवा घेतलेली एक गोरीगोमटी बाई. "हे माही माय," म्हणायची. शेजारची पोरं हसायची. तिच्या आईचा फोटो भिंतीवर नव्हता. मतदान कार्डावर होता, त्यात तोंडाच्या जागी काळा डाग. म्हणून मी पेटी उघडली. ओढणी होती, घडी घालून ठेवलेली. आत काही नव्हतं. तिथून नवऱ्याला विचारायला मी बांधीकडे गेले.

नंतर नवऱ्याने सांगितलं, ते ऐकून मला जास्त राग आला. मी दरेकशाला बहिणीकडे गेले होते तेव्हा त्याने सीड्या काढल्या. आणि बिनविचाराने काढल्या असंही नाही.

"मी एकेक लावून पायलो ना. टीव्हीवर काईच नाई आलं. काळाच्या काळा पडदा. म्हटलो, खराब झाल्या."

आमच्या घरी पिक्चर पाहायचं जुनं मशीन होतं. त्यात फक्त पिक्चर चालायचे. कॉम्प्युटरचे फोटो त्यात दिसत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? माणूस आळशी असता तर सीड्या पेटीतच राहिल्या असत्या. त्याने मेहनत घेतली, प्रत्येकीला मधोमध सुतळी ओवली, पक्की गाठ मारली.

सीड्या सोडवून पदरात बांधल्या, पण मनात म्हटलं, दुसरी ढोली आहे. दुसऱ्या दिवशी कामठ्याला गेले.

जावयाने दुसरं लग्न केलं होतं. विहीण ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी सीड्या मागितल्या.

"तिचं सामान आमी नदीत सोडलं, ईनबाई. मेलेल्या माणसाचं घरात ठेवाले नाई पायजे. नव्या सुनेले त्रास होते."

"सारंच सोडलं?"

"सारंच. पेटीसकट."

तेवढ्यात नवी सून चहा घेऊन आली. अंगावर हिरवी साडी, काठाला मोर. ती मी माझ्या पोरीला रुखवतात दिली होती, दुकानात बसून स्वतः निवडून.

मी चहा घेतला, बशीत ओतला, प्यायले. मग म्हटलं, "साडी बरी वापस आली नदीतून. पोहता येते वाटते."

सून आत पळाली. विहीण म्हणाली, "तुमाले बोलाची लय सवय हाय."

"बोलाचीच हाय. दुसऱ्याचं नेसाची नाई."

जावई गोठ्यात होता. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. तो बाहेर आला नाही. एक शब्द बोलला असता, "होती हो माझ्याकडे एखादी," असं खोटं जरी बोलला असता, तरी मी थोडी थांबले असते.

मग उरल्या त्या बांधीतल्या. त्या घेऊन गोंदियाला गेले, पोरीच्या जुन्या दुकानात नाही, ते बंद झालं होतं, स्टेशनाजवळच्या दुसऱ्या. दुकानदाराने एक सीडी उजेडात धरली. पलीकडचा पंखा आरपार दिसला.

"दादी, ये तो धूप में उड़ गयी. इसको खेत में सुखाया था क्या?"

"हाँ," मी म्हटलं. "तुम बस देखो."

त्याने एकेक घातली. मशीन घरघर करायचं आणि सीडी बाहेर फेकायचं. ज्या एकीवर अक्षर राहिलं होतं, ती धुऱ्यावरच्या पळसाच्या सावलीला असणार. तिच्यातून काही फोटो निघाले. म्हैस निघाली. ढोली निघाली. मी चूल फुंकताना, डोळे मिटलेले. माझा नवरा छत्री घेऊन हसतो आहे, पुरा, स्वच्छ, दात मोजता येतील असा. पोरगी त्यात कुठेच नव्हती, कारण कॅमेरा तिच्याच हातात होता.

शेवटी लग्नातला एक उघडला. वरून हळूहळू उतरत आला. मांडवाचं कापड, मग बाशिंगाचं टोक, मग केस, भांग, कपाळ, भुवया. आणि तिथे थांबला. खाली नुसता राखाडी रंग.

"बस, इतनाच है," दुकानदार म्हणाला.

मी त्याला परत लावायला सांगितलं. त्याने लावला. तेवढाच आला. मी तेवढाच कागदावर काढून घेतला.

घरी नातीला दाखवला. तिने कागद जवळ धरला, मग मागे उलटून पाहिला.

"आजी, इचं तोंड कुठं हाय?"

"गेलं."

"मंग हे माय नाई," ती म्हणाली, आणि कॅलेंडरखाली जाऊन खेळायला लागली. नवरा दारात उभा होता, त्याने ऐकलं. त्या वर्षीचं कॅलेंडर संपलं तरी ते कुणी काढलं नाही.

पोपटांनी त्या बांधीतलं धान खायचं तेवढं खाल्लं.

पुढे नवराही गेला. त्याचा छत्रीवाला फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. येणारी माणसं म्हणतात, किती छान फोटो, कोणी काढला? मी सांगते, पोरीने. तिचा दाखवा म्हणतात, तेव्हा मी पाणी आणायला उठते.

नात आता शाळेत जाते. या सगळ्यातून मी उरले आणि ती उरली.