चाखून विकायची रीत

मी काही लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पलीकडे लिहिलं नाही, आणि मी शिकतो तेही शेतीचं, भाषेचं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. एका बाजारात मी गप्प राहिलो, ते मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव कवठे येमाई. वडिलांना सगळे आबा म्हणतात, मीही. आठवड्याच्या बाजारात ते शिरूरला भाजी घेऊन बसतात. त्यांची एक रीत आहे. गिऱ्हाईक पाटीपुढे बसलं की आधी स्वतः चाखायचं. काकडी मोडून खायची, गवारीची शेंग चावायची, कोवळं वांगंसुद्धा कच्चंच. मग गिऱ्हाइकाकडे बघायचं. ते कधी "गोड हाय" म्हणत नाहीत. बायका त्यांच्या तोंडाकडे बघतात आणि घेतात.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी टोमॅटोच्या सुधारित बियाण्याची पुडी घरी नेली. पुण्यात लोक आवडीने खातात, त्यात जीवनसत्त्वं असतात, असं जे जे शिकलो होतो ते सांगितलं. आबांनी फार विचारलं नाही. दरवर्षी वांगी लावायचे तो विहिरीजवळचा वाफा त्यांनी दिला. आई म्हणाली, "एवढा चांगला वाफा?" आबा म्हणाले, "पोरगं शिकतंय ते कशासाठी?"

थंडीत झाडं लाल झाली. पण आबा माळकरी. आमच्याकडे लाल गराचं ते फळ मांसासारखं दिसतं म्हणून वर्ज्य मानतात. तोडलेल्या पाट्या गोठ्यात ठेवल्या, घरात एकही फळ आलं नाही. मी मेसमध्ये रोज कोशिंबिरीत टोमॅटो खात होतो. ते घरी कधी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत मी आबांबरोबर बाजाराला गेलो. बायका येत, एखादं फळ दाबून बघत, पुन्हा पाटीत टाकत. एक म्हातारी हसून म्हणाली, "आबा, वांग्याला रगात उतरलंय जणू." शेजारी बसलेल्या माळणी हसल्या. मग नेहमीची एक गिऱ्हाईक बाई समोर बसली. तिने फळ उचललं आणि आबांपुढे धरलं.

"खाऊन दावा की, आबा."

आबांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली. हात पुढे आला नाही. बाई थोडा वेळ थांबली. मग माझ्याकडे वळली.

"तू तर शिकलेला. तू खा."

मला खाता आलं असतं. कालपर्यंत खात होतो. पण आबा शेजारी होते, गावचे दोघे-तिघे मागे उभे होते. मी मान खाली घातली. बाई फळ ठेवून उठली.

दुपारी दौंडचे बागवान मामा आले. ते दर बाजाराला भाजी घेऊन दौंडला नेतात. त्यांनी एक टोमॅटो बाहीला पुसला, तिथेच खाल्ला आणि म्हणाले, "आबा, रेल्वेच्या कॉलनीतल्या बाया याच्यासाठी भांडतील. द्या सगळी." त्यांनी सगळ्या पाट्या उचलल्या.

मला वाटलं, सुटलो. आबांना तसं वाटलं नव्हतं. परत येताना एसटीत त्यांनी आलेले पैसे मोजून खिशात ठेवले. मग म्हणाले, "मी जे तोंडात घालत न्हाई, ते दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात कसं घालू? तिकडं दौंडात मला कुणी वळखत न्हाई, म्हनून चालंल व्हय?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिलो.

"आजून चार बाजार बघतो. न्हाई जमलं तर उपटून टाकतो. तू वाईट वाटून घिऊ नको."

मला माहीत होतं, झाडं उपटली की माझ्या शिक्षणावरचा त्यांचा विश्वासही जाणार. मेसमध्ये मी खातो, एवढं तरी तेव्हा सांगायला हवं होतं. मी पुण्याला निघून आलो आणि पुढच्या सुट्टीत अभ्यासाचं कारण सांगून घरी गेलो नाही. त्या दिवसांत मेसमध्ये कोशिंबीर ताटात आली की बाजूला सारायचो. मित्र विचारत, पोट बिघडलंय का. मी हो म्हणायचो. वाफ्याचं काय झालं, हे पत्रातून विचारायचंही धैर्य झालं नाही.

मागच्या आठवड्यात आईचं कार्ड आलं. आई सांगते आणि शाळेतले गुरुजी लिहितात. ख्यालीखुशालीनंतर होतं ते असं:

"चौथ्या बाजाराला तुझ्या आबांनी त्या बाईसमोर एक टंबाटं फोडून खाल्लं. तिनं शेरभर नेली, मग बाकीच्या बाया आल्या. पाटी रिकामी घेऊन घरी आले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुला कळवू नको म्हणाले, पण मी कळवते. झाडं हायेत. येताना बियाणं घेऊन ये."