भिंतीवरची मेकॅनिक

"ऊठ आता."

परवान्याची पहिली तपासणी उरकून निघालेल्या साहेबांची गाडी अजून पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंतही पोचली नव्हती. मालकाला तेवढाही धीर निघाला नाही. मी उठले. त्याने खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल दोन बोटांनी उचलला आणि झाडणाऱ्या बाईकडे टाकला. "हा धुवायले टाक. कपाटातला दुसरा आन." अर्धा तास मी त्या खुर्चीत बसले होते. अंग चोरून, पाठ न टेकवता. तरी टॉवेल धुवायचा होता.

मालकाला मी आता अहो-जाहो करत नाही. तेव्हा करत होते. वाकून करत होते.

अकोल्यातलं शेती अवजारांचं मोठं दुकान. थ्रेसर, पेरणी यंत्रं, रोटाव्हेटर, फवारणी पंप. असं दुकान चालवायला परवाना लागतो आणि परवान्याला अटी असतात. जागा पाहिजे, गोदाम पाहिजे, कंपनीचं पत्र पाहिजे आणि मशीन तपासून द्यायला शिकलेला मेकॅनिक पाहिजे. जागा आणि गोदाम मालकाला आजोबांकडून मिळालं होतं. कंपनीचं पत्र ओळखीवर आलं. शिक्षण मात्र त्या घराण्यात कोणाला झेपलं नव्हतं. ते माझ्याकडून घेतलं.

मी बार्शीटाकळीची. अमरावतीला आयटीआय केलं, ट्रॅक्टर मेकॅनिक. वर्गात एकटी मुलगी. इंजिन खोलून परत बांधलं की पोरांचे दोन-चार नट उरायचे, ते गुपचूप खिशात घालायचे. माझा कधी एक नट उरला नाही. बढाई वाटत असेल तर वाटू द्या. बढाईच आहे.

नोकरी मागायला गेले तेव्हा मालक हसला. "गिऱ्हाईक बाईच्या हातात मशीन देते काय?" मग त्याने प्रमाणपत्रावरचं आडनाव वाचलं. हसू गेलं. आमची वस्ती त्याला आडनावातच दिसली. मग खालचा ट्रेड वाचला आणि हसू परत आलं.

"हे राहू दे इथं," तो म्हणाला. "तू बी येत जाय. पुसपास कर."

प्रमाणपत्राला फ्रेम लागली. त्यात माझा फोटो. काउंटरच्या मागे, आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी. मी मायला बघायला घेऊन आले. ती आत यायला धजली नाही. रस्त्यावर उभी राहून काचेतून बघत राहिली. "माही लेक अकोल्यात भितीवर लागली," असं ती वस्तीत सांगत सुटली. आणि मला ते आवडलं. आज स्वतःची किळस येते, पण तेव्हा छाती फुगली होती, हे लपवून काय करू?

दुकानात चहा यायचा. सगळ्यांना चिनी मातीच्या कपात, मला कागदी. जमाना सुधारला आहे ना. आता आमच्यासाठी वेगळा कप ठेवत नाहीत, वापरून फेकायचा देतात. कोणी विचारलंच तर स्वच्छता म्हणून सांगता येतं.

दुरुस्तीचं काम मी करायची. गोदामाच्या मागे, पत्र्याखाली. बिघडलेला पंप, अडलेला गिअरबॉक्स. मशीन सुरू झालं की मालकाचा भाचा यायचा. चाळिशीचा बाप्या. डब्यातलं काळं ऑइल स्वतःच्या हाताला चोळायचा आणि मशीन गिऱ्हाइकासमोर न्यायचा. "लई त्रास दिला वो यानं," असं म्हणून कपाळ पुसायचा. मी खिडकीतून बघायची. या माणसाला पान्याचा नंबर वाचता येत नव्हता.

हे सगळं मी गिळलं. पगार मिळत होता आणि भिंतीवर फोटो होता.

मग हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसांत एक बाई माझ्या घरी आली. तेल्हाऱ्याकडच्या गावची. पत्ता विचारत विचारत आलेली. नाव गोकर्णाबाई. तिच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी होती आणि पट्टीत जितकं असायला पाहिजे तितकं काही नव्हतं. डाव्या हाताने तिने पिशवीतून एक कागद काढला.

"हे तूच का वो?"

आमच्या दुकानाचा फॉर्म होता. मशीन विकताना गिऱ्हाइकाला देतात तो. थ्रेसरचा नंबर. खाली ओळी: बेल्ट तपासला, होय. बेल्टवरची जाळी बसवली, होय. तपासणाऱ्या मेकॅनिकचं नाव, माझं. सही, माझ्या नावाची. अक्षर भाच्याचं.

गोकर्णाबाई दुसऱ्याच्या शेतात मजुरीने गेली होती. पेंड्या सरकवताना तोल गेला, हात टेकवायला गेली. जिथं लोखंडी जाळी असायला हवी तिथं उघडा बेल्ट पळत होता. तीन बोटं गेली. शेताचा मालक दुकानावर भांडायला गेला, तर त्याच्याच हातातल्या या फॉर्मवरचं माझं नाव त्याला दाखवलं. मेकॅनिक बाईने पास केलंय, तिला विचारा.

"मले पैसे नाई मांगाचे तुले," गोकर्णाबाई म्हणाली. "मले फक्त पाह्यचं होतं, कोनाच्या हातानं लिवलं हे."

मी सांगितलं, सही माझी नाही. तिने डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं.

"पन नाव त तुहंच हाय ना."

मी समजत होते मी कागद दिलाय. कागदाने काय होतं, भिंतीवर लटकतो. त्या कागदाच्या जोरावर ते दर मशीनमागे माझी खात्री विकत होते आणि मी गोदामामागे कागदी कपातून चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी मी गोदाम उघडलं. थ्रेसरबरोबर सुट्या भागांचं एक खोकं येतं. जाळी त्यात असते, खोक्यावर मशीनचा नंबर असतो. जाळी बसवायला अर्धा तास लागतो. मालकाच्या दुकानात तेवढा वेळ कोणाला नव्हता. खोकी छताला लागलेली होती. गोकर्णाबाईची बोटं गेली त्या मशीनचं खोकं तिसऱ्या थरात सापडलं. वरची चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

परवान्याच्या नूतनीकरणाची तपासणी जवळ आली होती. मालकाने मला बोलावलं. पहिल्यांदाच आवाजात साखर.

"तेल्हाऱ्याचं काही निंघालं, त सांगजो का जाळी लावली होती. कास्तकारानं काढून टाकली. एवढंच. बाकी बोलजो नोको."

"मी लावलीच नाई," मी म्हणाले.

"त का झालं? लावली म्हनायले का जाते तुह्यं?"

खरंच वाटत होतं त्याला तसं. तो कपटाने बोलत नव्हता. माझं काही जाण्यासारखं आहे, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. घाण वाटली.

साहेब आले. काजू आले. मला परत त्या खुर्चीत बसवलं. साहेबांनी फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदावर टिचक्या मारत गेले. "मॅडम, सगळं व्यवस्थित?" हे विचारतानाही मान खालीच.

मी उठले. गोदामातून खोकं उचलून आणलं. जड होतं. काजूच्या बशीवरच ठेवलं.

"साहेब, हे मशीन विकून चार महिने झाले. जाळी इथं आहे. बाईची बोटं तिकडं गेली. फॉर्मवर माझं नाव आहे, सही माझी नाही. या दुकानातून विकलेलं एकही नवं मशीन मी तपासलेलं नाही. मला तपासू दिलंच नाही."

मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाचा बाहेर सटकला. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"लिहून देणार? विचार करा. प्रमाणपत्र तुम्ही स्वतः दिलंत. तुमच्यावरही येईल."

मालक फिसकारला, "औकात पाहून बोल. तुह्यं सर्टिफिकेट जाईन, मंग भीक मांगशीन."

मी तिथंच उभ्याने लिहिलं. फ्रेम खिळ्यावरून काढली, काखेत मारली आणि निघाले.

परवाना सध्या स्थगित आहे. मालकाला त्याने फारसा फरक पडलेला नाही. शेजारच्या गाळ्यासाठी भाच्याच्या नावाने नवा अर्ज गेलाय आणि कोणा गरजू पोराचं प्रमाणपत्र शोधणं चालू आहे. ते पोर कोण, याचा पत्ता मी काढते आहे; प्रमाणपत्र देण्याआधी त्याला हे सगळं सांगायचं आहे.

मला चौकशीची नोटीस आली. त्याआधी मालकाचा माणूस घरी येऊन गेला. जबाब मागे घे, गैरसमज झाला म्हण, तुझ्यावरचं सगळं मिटवून टाकू. दाराच्या आत पाऊल न टाकता बोलत होता. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

प्रमाणपत्र रद्द झालं तर होऊ दे. नट कागद बघून ढिला होत नाही, पान्याने होतो, आणि पाना मला चालवता येतो. मी चौकशीला जाणार. गोकर्णाबाईही येणार आहे. जाळी त्यांनी बसवली नाही, हे सांगेन. नाव मी वापरू दिलं, हेही सांगेन. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा, माझ्या गुन्ह्यासकट.