गोपिकाबाईंची लडाखला गेलेली तार

बर्फ म्हणजे काय, हे इतवारीतल्या गोपिकाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. माहेर खाप्याचं, कन्हान नदीकाठच्या मासेमार ढिवरांचं. नवऱ्यामागे मासळीवाल्यांना बर्फाच्या लाद्या पुरवायचं दुकान त्यांनीच चालवलं. मे महिन्याच्या आगीतही त्यांची लादी भुशाखाली अशी टिकायची की गिऱ्हाईक तोंडात बोट घाली. आणि थंडीत त्याच भुशात त्या डाळीचं गरम पातेलं पुरून ठेवत. दुपारी झाकण काढलं की वाफ निघायची.

एकोणसत्तर सालच्या जानेवारीत, वीस तारखेला, लडाखहून अनंताचं पत्र आलं. पोरगा फौजेत, पहिलीच थंडी. गोपिकाबाई चौथी शिकलेल्या. घरातल्या कोराडीच्या देवीच्या तसबिरीपुढे दिवा लावून त्यांनी ते अक्षर-अक्षर लावून वाचलं.

‘आई, इथलं तळं गोठलं आहे. बर्फाला भोक पाडून लोक गळ टाकतात. गोठल्यावर लगेच हातभर हिम पडलं, म्हणजे आता खालचा बर्फ दगडासारखा झाला असणार. सव्वीस जानेवारीला आम्ही सहा जण सामानाची घसरगाडी ओढत मधोमध जाणार. ढिवराचं पोर आहे, साऱ्या पलटणीला मासे खाऊ घालतो.’

बाईंचं बोट हिमाच्या ओळीवर परत गेलं. हातभर हिम! भुरभुरीत, हलकं, वरून पसरलेलं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या भुशाच्या ढिगाकडे गेली आणि त्या तशाच उठल्या.

“मार्तंडभाऊजी, दुकान पाहा. मी तारघरात जातो.”

“काहून? काय झालं वैनी?” दिराने विचारलं.

“अनंता ज्या बर्फावर चालून जाऊन राहिला, तो पातळ आहे.”

मार्तंड हसलाच. “तिथं हिम पडून राहिलं, अन् बर्फ पातळ? तुम्ही संत्र्याच्या गावात बसून लडाखले बर्फ शिकवता काय?”

“भुशात डाळ गरम राहते का नाही? हिम म्हणजे तळ्यावरचा भुसा. वरची थंडी खाली जाऊच देत नाही. मंग बर्फ जाड होईन कसा?”

मार्तंडाचं हसू विरलं. त्याने दुकानाची फळी लावली आणि सायकल काढली. “बसा मागं.”

तारबाबूने मजकूर दोनदा वाचला. “बाई, हे फौजेले पाठवायचं? लोक हसतील.”

“हसू द्या ना बाबू. बुडण्यापरीस बरं.”

तार गेली: ‘हिमाखाली बर्फ पातळ. भोक पाडून मोजल्याशिवाय जाऊ नको. आई.’

पुढचे दिवस कसे गेले ते देवीलाच ठाऊक. सव्वीस तारखेला बाईंनी अन्नाला हात लावला नाही. सायकलची घंटा वाजली की तारवालाच आला असं वाटून लादी फोडणारा हात तसाच राहायचा. मार्तंडानेही त्या दिवसांत एकही थट्टा केली नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. अक्षर अनंताचंच होतं. बाईंनी ते आधी कपाळाला लावलं, मग फोडलं.

‘आई, तुझी तार पंचवीसला मिळाली. हवालदार साहेब खूप हसले. पण म्हणाले, माँ ने कहा है तो नाप लो. काठाशी भोक पाडलं, तर हिमाखाली बर्फ चार बोटं! वाऱ्यानं जिथं हिम उडवून नेलं होतं, तिथं मात्र दोन वीत. भरली घसरगाडी तिथंच खाली गेली असती. मग काठापासून थोडं-थोडं मोजत, कमरेला दोर बांधून आम्ही हिम झाडून काढलं, आठ रात्री तळं उघडं ठेवलं. थंडी खाली पोचून बर्फ चांगला जाड झाला, तेव्हाच गळ टाकले. मासे मिळाले, पण कन्हानची चव नाही. आता इथं उतरण्याआधी झाडू मारायचा अन् मोजायचं, असा हुकूमच आहे.’

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पत्र दिराच्या हातात दिलं.

“पाहा भाऊजी! घरी कधी झाडू हातात धरला नाही माह्या पोट्ट्यानं. तिथं अख्खं तळं झाडून राहिला!”