लोरेंझो टिब्सचे वाकडे दात

मी मक्याची लापशी ढवळत होते आणि दातांचे डॉक्टर असलेला माझा नवरा क्लिफ्टन दवाखान्यात जायला बूट चढवत होता, तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात गाल धरून लोरेंझो टिब्स उभा. ओमाहा शहरातल्या आमच्या वस्तीतली निम्मी लग्नं त्याच्या क्लॅरिनेटवर नाचता नाचता जमली, आमचंही त्यातलंच. चौदा वादक एका बसमध्ये कोंबून तो दहा वर्षं गावोगाव फिरला. मग युद्धानं बँडमधली पोरं नेली, पुढे लोकांची नाचायची हौसही ओसरली. आता तो शाळेत झाडलोट करतो आणि शनिवारी उरलेल्या चौघांना घेऊन वाजवतो.

क्लिफ्टननं त्याला खिडकीशी बसवून तोंडात डोकावून पाहिलं. "टिब्ससाहेब, वरचे सगळे काढावे लागणार. पण कवळी अशी देतो, की बायका पुन्हा मागे लागतील."

"लागल्या तर पळायला गुडघे कुठून आणू?" टिब्स हसला.

त्यानं रुमालातून क्लॅरिनेटचं फुंकायचं टोक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. वरचे दात टेकतात तिथे तीस वर्षांत दोन खड्डे पडले होते, एक खोल आणि दुसरा उथळ, तिरका.

"दात यात बसले तरच मला सूर सापडतो, डॉक्टर. मला सरळ दात नकोत. पुढचे दोन या खड्ड्यांत बसतील असे वाकडे करून दे."