हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल

आमच्या दवाखान्यात केसपेपर साठतात कपाटात आणि किस्से साठतात माझ्या डोक्यात. कपाटाला कुलूप आहे, माझ्या तोंडाला नाही! कोपरगावात त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे मी अकरा वर्षं काउंटर सांभाळते. लोकांना वाटतं मी नंबर लावते. खरं तर मी दिवसभर भांडते. आज अश्विनीचा किस्सा सांगते. तिची परवानगी आहे. "सुरेखाताई, खुशाल सांगा, फक्त मीठमसाला लावू नका," म्हणाली. बघू जमतंय का!

*

अश्विनी पुणतांब्याची. पहिल्यांदा आली ती वडिलांच्या मोटारसायकलवर, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून. आता गाडीवर सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात. पण ही पंख्याखाली बसली, पाणी प्यायली, तरी सोडेना.

मी विचारलं, "काय होतंय?"

वडील म्हणाले, "तोंडावर फोड हायेत."

"किती दिवस?"

"दीड वरीस."

"आग होते?"

"व्हय, लई."

शेवटी मी म्हटलं, "भाऊसाहेब, फोड तिला आलेत का तुम्हाला?"

तेव्हा कुठे स्कार्फच्या आतून आवाज आला, "मला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी तिची भरतीची परीक्षा होती. वर्षभर घासून अभ्यास केलेला. केंद्राच्या गेटवर तपासणीसाठी मुलींचे स्कार्फ काढायला लावत होते. हिनं ते लांबून बघितलं आणि तशीच माघारी फिरली. पेपर दिलाच नाही! यंदा परत परीक्षा होती आणि भाऊसाहेबांना तेवढीच एक काळजी होती. मला तर ऐकून इतका राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना.

*

मॅडमनी तपासताना विचारलं, "आत्तापर्यंत काय काय लावलंस?"

"लिंबू."

"अजून?"

"टोमॅटो. बटाट्याचा रस. हळद."

"फोडणी तेवढी राहिली," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर भाजीच झाली असती!"

पण खरा घोळ केला होता शेजारच्या वहिनींनी दिलेल्या गोरेपणाच्या क्रीमनं. विनाचिठ्ठीची, सहा महिने चोपडलेली. कातडी इतकी नाजूक झाली होती, की साध्या साबणानंही डोळ्यांत पाणी यायचं. मॅडमनी ती क्रीम बंद केली आणि एक सौम्य जेल लिहून दिलं. झोपताना लावायचं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागणार. आणि आधी कानामागे थोडंसं लावून दोन-तीन दिवस बघायचं.

हे कानामागचं कोणालाच पटत नाही. फोड गालावर आणि औषध कानामागे? मी समजावायला पुढे सरसावले, तर भाऊसाहेबच म्हणाले, "त्यात काय इवडं! आमीबी नवं औषीध आदी एकाच वळीवर मारून बघतो. समदं रान कशाला धोक्यात घालायचं?"

मॅडम दिवसभर खुशीत होत्या.

*

चिठ्ठी घेऊन दोघं खाली रफीकभाईंच्या मेडिकलमध्ये गेले. रफीकभाईंचा स्वभाव माझ्यासारखाच आहे, फक्त ते हळू आवाजात बोलतात.

ट्यूब बघून भाऊसाहेब नाराज. एवढीशी! "ह्याच्यापरीस कडक न्हाई का?"

"कडक चहा समोर टपरीवर मिळतो," रफीकभाई म्हणाले. "इथं औषध मिळतं."

*

आठच दिवसांत भाऊसाहेब तणतणत हजर. "तुमचं औषीध लागू पडंना!" अश्विनी मागे उभी. स्कार्फ काढला तर चेहरा लालबुंद, सालं निघालेली.

मॅडमनी विचारलं, "ट्यूब कुठाय?"

"संपली की."

"दीड महिन्याची ट्यूब?"

"कीड हटंना म्हनून डोस वाढीवला. दोन टाइम. जाड थर."

मी काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी हातानंच गप्प केलं. शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, जादा डोसनं पीक करपलं तर काय करता?"

"फवारनी बंद."

"मग?"

"मग... पानी देतो." आणि एकदम त्यांचा चेहराच उतरला. पोरीकडे बघून म्हणाले, "चुकलंच माझं, बाळा."

पंधरा दिवस जेल बंद, नुसतं साधं मॉइश्चरायझर. त्यानंतर एक दिवसाआड, तेही हरभऱ्याएवढंच. हे मात्र त्यांना झटकन समजलं. "म्हंजी रोज न्हाई. कालव्याचं पानी ठराविक दिसांनी सुटतं तसं, आवर्तन!"

त्या दिवसापासून त्यांच्या घरी कॅलेंडरवर आवर्तनाच्या खुणा व्हायला लागल्या. एकदा अश्विनी विसरली, तर भाऊसाहेब शेतातून फोन करून ओरडले, "आज आपली पाळी हाय!" शेजाऱ्यांना वाटलं, कालव्याला पाणी सुटलं. दोघंजण मोटार चालू करायला पळाले!

*

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. त्या सोमवारी मॅडम मास्क लावूनच आल्या. सर्दी नाही, खोकला नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण काही सांगेनात.

दुपारी अश्विनी तपासायला आत गेली. मी केसपेपर द्यायला दारात. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं नाही का?"

मॅडमनी इकडे तिकडे बघितलं आणि मास्क खाली केला. नाकाच्या शेंड्यावर हा एवढा मोठा फोड!

अश्विनी जी हसायला लागली, ती थांबेना. मॅडमही हसायला लागल्या. "सकाळपासून लपवतेय गं. पेशंट काय म्हणतील!"

हसत हसतच पोरगी बाहेर आली, रफीकभाईंकडून ट्यूब घेतली, टपरीवर वडिलांबरोबर चहा प्यायली आणि गाडीवर बसून गेली. स्कार्फ माझ्या काउंटरवरच राहिला. मी घेऊन मागे धावणार होते, पण नाही धावले. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

परीक्षेचं केंद्र नगरला होतं. त्या दिवशी काउंटरवर माझं लक्षच नव्हतं, दोन नंबर उलटेसुलटे लावले. पुढचं मला अश्विनीनं स्वतः येऊन सांगितलं.

गेटवरून ती मोकळ्या चेहऱ्यानं आत गेली. जागेवर बसली. पर्यवेक्षक बाई आल्या, हॉल तिकीट उचललं. फोटोकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. परत फोटोकडे. फोटो फॉर्म भरतानाचा, चार महिन्यांपूर्वीचा, तोंडभर फोड असतानाचा.

बाईंचा आवाज चढला. "ही तू नाहीस!"

अख्खा वर्ग वळून बघायला लागला. ही दुसरीच्या नावावर बसलेली डमी उमेदवार, असं समजून बाईंनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. त्यांनीही मान हलवली. "फोटोतली मुलगी वेगळीच दिसते." पेपर वाटायला दहा मिनिटं राहिलेली. शेवटी मशीन आणलं, अंगठा लावायला सांगितला. पहिल्यांदा जुळेना. घामानं बोट ओलं झालेलं. ओढणीला पुसून परत लावला.

जुळला!

बाई जरा वरमल्या. हॉल तिकीट परत देताना बघतात, तर हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं, झालं ना आता! बस निवांत. रडतेस कशाला?"

"मॅडम," अश्विनी म्हणाली, "ते मघाचं परत एकदा म्हणा ना!"